पाचशे पौंडांची पैज



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपत आली होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि एकीनं मोबाईल माझ्यापुढं धरला. "ताई, हा माणूस म्हणतो पृथ्वी सपाट आहे. खरं का हो?" दोघीतिघी फिस्कन हसल्या. ती ओशाळली आणि मोबाईल पिशवीत टाकून गप्प बसली. मला काही ते हसणं आवडलं नाही. तिला तेव्हाच सांगायला हवी होती ती गोष्ट आज सांगते. ती घडली इंग्लंडात, दीडशे वर्षांपूर्वी.

पृथ्वी गोल आहे हे तेव्हा काही नवीन नव्हतं. आपल्याकडं आर्यभटानं इ.स. ४९९ मध्येच ते लिहून ठेवलं होतं. भास्कराचार्यांनी ११५० साली तर ती सपाट का दिसते हेही सांगितलं: वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग पाहिला तर तो सरळच वाटतो, तसंच पृथ्वीचं. मोठ्या पातेल्याच्या काठावर मुंगी चालली तर तिला कुठं कळणार काठ वळलाय म्हणून? (या भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवानं आपल्या चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला होता. तिथला शिलालेख अजून आहे.)

तर इंग्लंडात सॅम्युअल रोबोथम नावाचा गृहस्थ होता. पूर्वेकडच्या सखल भागात ओल्ड बेडफर्ड नावाचा कालवा आहे, सहा मैल अगदी सरळसोट. १८३८ साली हा त्या पाण्यात उतरला आणि पाण्याच्या जेमतेम आठ इंच वर दुर्बीण धरून लांब जाणारी होडी बघत राहिला. पृथ्वी गोल असेल तर सहा मैलांवर होडी पाण्याच्या फुगवट्याआड जायला हवी. हा म्हणाला, मला ती शेवटपर्यंत दिसली. मग त्यानं पुस्तिका काढली आणि गावोगाव तिकीट लावून व्याख्यानं दिली. बोलायला पटाईत होता. त्याचं म्हणणं एवढंच, की पंडितांचं ऐकू नका, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा. ज्यांना आयुष्यभर कुणी विचारलंच नव्हतं की तुला काय दिसतं, त्यांना हे किती गोड वाटलं असेल!

त्याच्या विचारांनी भारलेला एक जण म्हणजे जॉन हॅम्डेन. बायबलचा शब्दन् शब्द खरा मानणारा. त्यानं १८७० च्या सुरुवातीला जाहीर केलं, पाणी वळतं हे कुणी सिद्ध करून दाखवावं, ५०० पौंडांची पैज. ती घेतली आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी. डार्विनबरोबर उत्क्रांतीचा विचार मांडणारे तेच. नाव मोठं, पण पक्की नोकरी नाही आणि घरात लहान मुलं. चार्ल्स लायेल या बड्या शास्त्रज्ञाला विचारलं, तर तेही म्हणाले की घ्या, या लोकांची तोंडं तरी बंद होतील.

मार्च महिन्यात त्याच कालव्यावर प्रयोग झाला. वॉलेस यांनी युक्ती छान केली. सहा मैलांवरच्या दोन पुलांपैकी एकावर दुर्बीण ठेवली, दुसऱ्यावर काळा पट्टा काढलेलं पांढरं कापड लावलं, आणि बरोबर मध्ये खांबावर तांबडी चकती. तिन्हींची पाण्यापासूनची उंची सारखीच, सुमारे तेरा फूट. पाणी सपाट असतं तर चकती आणि पट्टा एका रेषेत दिसले असते. चकती पट्ट्याच्या चांगली वर दिसली. मधलं पाणी फुगलेलं होतं.

आता खरी गंमत. हॅम्डेनचा पंच कार्पेंटर हा स्वतःच सपाटवाला. त्यानं दुर्बिणीतून तेच पाहिलं आणि आनंदानं म्हणाला, आम्ही जिंकलो! आणि हॅम्डेननं तर दुर्बिणीला डोळासुद्धा लावला नाही. आपला माणूस सांगतोय ना, मग झालं. शेवटी 'द फील्ड' या साप्ताहिकाचे संपादक वॉल्श यांनी वॉलेसच्या बाजूनं निकाल दिला.

त्यानंतर हॅम्डेननं वर्षानुवर्षं वॉलेस यांना चोर, लबाड म्हणत पत्रं लिहिली. शेजाऱ्यांना, ओळखीच्यांना, त्यांच्या संस्थांना. त्यांच्या पत्नीला, ॲनीला, पत्र आलं की तुझा नवरा एक दिवस डोकं फुटून घरी येईल. पैज पुरुषांची, आणि दारात पोस्टमन दिसला की धसका बाईला. हॅम्डेन तुरुंगातही जाऊन आला, तरी थांबला नाही. त्यात १८७६ साली कोर्टानं ठरवलं की पैजेचे पैसे कायद्यानं बांधील नसतात, आणि हॅम्डेनला त्याचे ५०० पौंड परत मिळाले. वॉलेसच्या पदरी खटल्यांचा खर्च तेवढा आला. म्हातारपणी आत्मचरित्रात त्यांनी या पैजेबद्दल फार पश्चात्ताप लिहिलाय.

मला वाटतं चूक पुराव्यात नव्हती, पैजेत होती. गटाच्या वहीत एखादीचा हिशेब चुकला आणि आपण वीसजणींसमोर म्हटलं, "तुझंच चुकलंय," तर ती आकडा बघत नाही, आपली अब्रू बघते. तीच वही घेऊन तिच्या ओट्यावर बसलं की चूक तिची तीच दाखवते. हॅम्डेननं तर पैसे, नाव आणि देव तिन्ही पणाला लावले होते. दुर्बिणीत बघायला त्याच्याकडं जागाच उरली नव्हती.

आणि तो अडाणी होता म्हणून असं झालं, असंही नाही. खुद्द वॉलेस मृतात्म्यांशी बोलणाऱ्या माध्यमांवर विश्वास ठेवत. त्यातले काही लबाड म्हणून पकडले गेले, तरी वॉलेस यांचा विश्वास हलला नाही.

१९०४ साली लेडी ब्लाउंट नावाच्या बाईंनी त्याच कालव्यावर छायाचित्रकार नेला. सहा मैलांवरचं, पाण्यालगत टांगलेलं पांढरं कापड फोटोत आलं, आणि सपाटवाल्यांना पुन्हा बळ मिळालं. फोटो खोटा नव्हता. पाण्यालगतची हवा गार आणि वरची ऊन असली की प्रकाश खाली वाकतो, आणि फुगवट्याआडची वस्तू वर उचलल्यासारखी दिसते. रोबोथमनं दुर्बीण पाण्याला चिकटून धरली होती. वॉलेस यांनी ती तेरा फुटांवर ठेवली ती याचसाठी.

येत्या बैठकीनंतर मी त्या बाईकडं जाणार आहे. तो व्हिडिओ मी अजून पुरता पाहिलेला नाही. आधी तिच्याबरोबर बसून तो सगळा बघेन, मग बोलू.