लुई कान : ऊन आणि सावली

बाल्टिक समुद्राकांठीं एस्टोनिया नांवाचा एक चिमुकला देश आहे. लुई कान याचा जन्म तेथें १९०१ सालीं झाला. तेव्हां तेथें झारची सत्ता होती. तीन वर्षांचा असतांना निखाऱ्यांच्या रंगाला भुलून त्यानें ते उचलले, आणि भाजल्याचे व्रण जन्मभर तोंडावर राहिले. १९०६ सालीं हें गरीब ज्यू कुटुंब अमेरिकेंत फिलाडेल्फियास गेलें.

मुलाचा हात चित्रकलेंत चांगला होता व चित्रकारच व्हावयाचें असा बेत होता. पण शाळेच्या शेवटच्या वर्षीं वास्तुकलेच्या इतिहासाचे पाठ ऐकले आणि बेत फिरला. (आम्हां जुन्या मास्तरांना ही हकीकत सांगतांना थोडा अभिमान वाटतो!) १९२४ सालीं पदवी मिळाली, तरी पुढें पंचवीस वर्षें त्याचें नांव फारसें कोणाला ठाऊक नव्हतें.

मग १९५०-५१ च्या हिवाळ्यांत तो रोमच्या अमेरिकन अकादमींत राहिला. पन्नाशीला आलेला हा गृहस्थ रंगीत खडू घेऊन सिएनाचा चौक, अथेन्सचें अक्रोपोलिस, ईजिप्तचे पिरॅमिड चितारीत हिंडला. त्या चित्रांत बारीकसारीक तपशील नाहीं. आहे तो जड दगड, त्यावरचें ऊन आणि लांब पडलेली सावली. माझ्या मतें त्याची खरी शाळा हीच. १९५३ सालीं पुरें झालेल्या येल विद्यापीठाच्या कलादालनाच्या काँक्रीटच्या छतांत तोच भरीवपणा उतरला.

१९६२ सालीं, पुण्यांत जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांच्या पुढाकारानें, अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचें काम त्याच्याकडे आलें. तेथें विटांच्या भिंतींत मोठमोठीं वर्तुळें सोडलेलीं आहेत आणि खिडक्या मागें सारून मध्यें सावलीची जागा ठेवली आहे. त्यामुळें उजेड येतो, झळ येत नाहीं. ढाक्याचें संसदभवनही त्याचेंच. तें त्याच्या पश्चात् १९८२ सालीं पुरें झालें.

१७ मार्च १९७४ रोजीं, अहमदाबादेहून परततांना, न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनांत तो एकाकी वारला. घरीं निरोप पोंचण्यास दोन दिवस लागले. मागें कर्ज मात्र पुष्कळ होतें.

अहमदाबादच्या ग्रंथालयाची डागडुजी मुंबईच्या वास्तुशिल्पकार ब्रिंदा सोमाया यांच्या संस्थेनें केली व तिला २०१९ सालीं युनेस्कोचें पारितोषिक मिळालें. पण पुढल्याच वर्षीं अठरांपैकीं चौदा वसतिगृहें पाडण्याचा बेत जाहीर झाला. जगभरांतून ओरड होतांच १ जानेवारी २०२१ रोजीं तो मागें घेतला गेला, आणि २०२२ सालीं पुन्हा पुनर्बांधणीची भाषा निघाली. विटा झिजल्या, भूकंपानें भेगा पडल्या, हें खरें. तरी जें ग्रंथालयास साधलें तें वसतिगृहांस कां साधूं नये, असें मला विचारावेंसें वाटतें.