ओर्कांची शिरगणती

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला ओर्का नावाचे काळेपांढरे देवमासे आहेत. १९६० नंतर ते जिवंत धरून मत्स्यालयांना विकण्याचा धंदा तिथे बोकाळला. दर्यात हजारो आहेत, चार नेले तर काय बिघडले, असा सर्वांचा समज! १९७१ साली मायकेल बिग या शास्त्रज्ञाने कोळी, खलाशी, दीपगृहांचे राखणदार अशांना हजारो प्रश्नपत्रके धाडली : ठरल्या दिवशी किती ओर्का दिसले ते कळवा. उत्तरे जुळवली, तो आकडा निघाला अवघा २०० ते ३५०! पुढे पाठीवरच्या पराच्या खाचा आणि त्यामागचा करडा डाग छायाचित्रांत टिपून एकेक ओर्का ओळखता येऊ लागला. त्याच दशकात धरपकड थांबली. दर्यावर्दी माणसांनी प्रामाणिकपणे कळवलेल्या नोंदींचे हे मोल!