अगस्त्याच्या साक्षीने

ज्या अगस्त्याच्या उदयावरून पावसाळा सरल्याची आणि जलाशय निवळल्याची खूण आपल्या पूर्वजांनी बांधली, त्याच ताऱ्याला १९६४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या ‘मॅरिनर ४’ या मंगळगामी यानाने आपला वाटाड्या नेमले, ही गोष्ट मला फार जिव्हाळ्याची वाटते. एक नेत्र सूर्यावर आणि दुसरा अगस्त्यावर, एवढ्या बंदोबस्तावर यान व त्याच्या अँटेनाचे मुख स्थिर राहावयाचे. परंतु तो दुसरा नेत्र आरंभी भलत्याच ताऱ्यांवर खिळला, आणि अगस्त्य सापडल्यावरही, यानावरून सुटलेला एखादा धूलिकण उन्हात चमकला की त्यालाच तारा मानून फसू लागला.

१९७२ च्या ‘पायोनियर १०’ ची तजवीज निराळी होती. ते स्वतःभोवती गिरक्या घेई, आणि अँटेनाचा झोत अक्षापासून किंचित कलता करता येई; अक्ष पृथ्वीवरून ढळलेला असला की पृथ्वीचा संदेश प्रत्येक गिरकीत एकदा चढे, एकदा उतरे, आणि त्या चढउतारावरून यान आपली चूक ओळखी.

१९७७ च्या दोन्ही ‘व्हॉयेजर’ यानांना गिरकीचा आधार नव्हता. ३.७ मीटर व्यासाच्या तबकडीचा झोत जेमतेम अर्ध्या अंशाचा. सूर्य पाहणारा संवेदक त्याच तबकडीतल्या फटीतून डोकावणारा. आणि संवेदक सांगेल ती दिशा व झोताची खरी दिशा यांचा जमिनीवर कितीही मेळ घातला, तरी प्रवासात तो पुन्हा तपासावा लागे. म्हणून यानास हुकूम जाई, की अंशाच्या अल्पशा भागाने इकडे कल, मग तितकेच तिकडे. पृथ्वीवर प्रत्येक कलण्यासरशी संदेशाचे बळ मोजले जाई, आणि ते जेथे शिगेस पोहोचे तोच झोताचा मध्य ठरून पुढील हुकमांत तेवढी दुरुस्ती केली जाई. त्यातही पृथ्वी एका जागी थोडीच राहते! यान गुरूपाशी असताना ती सूर्यापासून अकरा अंशांपर्यंत दूर दिसे. आज ते अंतर अर्ध्या अंशाच्याही आत आले आहे.

२१ जुलै २०२३ रोजी एका चुकलेल्या हुकमाने ‘व्हॉयेजर २’ ची तबकडी दोन अंशांनी ढळली आणि संपर्क तुटला. ऑक्टोबरात यान आपली दिशा आपणच सावरील, अशी सोय आधीच केलेली होती. तरी कॅनबेराच्या केंद्रातून, सुमारे वीस अब्ज किलोमीटरांपलीकडे, पूर्ण शक्तीनिशी दुरुस्तीचा हुकूम धाडण्यात आला. तो पोहोचण्यास साडेअठरा तास, उत्तर येण्यास तितकेच. आणि ४ ऑगस्टला यानाची मोजमापे पुन्हा पृथ्वीवर उतरू लागली.