मगनवाडीचा विचार आणि तळ्यातील मासा

'शाश्वत मत्स्यशेती' हा शब्दप्रयोग अलीकडे वारंवार कानी पडतो. त्यामागील विचार मात्र वर्धेच्या भूमीत फार पूर्वीच मांडला गेला होता. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य मगनवाडीतून चाले. संघाचे चिटणीस डॉ. जे. सी. कुमारप्पा हे तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी लिहिलेला 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हा ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. निसर्गाचे चक्र अखंड राखणारी अर्थव्यवस्थाच चिरस्थायी ठरते, हे त्याचे सार होय.

ही कसोटी तळ्यातील माशाला लावून पाहू या. कटला, रोहू, मृगळ हे मासे तळ्यात वाढतात; परंतु साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. त्यासाठी त्यांना पावसाळ्यातील वाहते पाणी लागते. म्हणून पूर्वी मत्स्यबीज नद्यांतूनच गोळा करावे लागे. त्यात इतर माशांचीही पिले मिसळलेली असत व दूरच्या प्रवासात पुष्कळ बीज दगावे.

१० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ही अडचण दूर केली. माशाच्या मेंदूखालील पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांनी या जातीच्या माशांचे प्रजनन बंदिस्त पाण्यात घडवून आणले. या कार्यात डॉ. के. एच. अलिकुन्ही त्यांचे सहकारी होते. १० जुलै हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

१९७१ पासून मिश्र मत्स्यसंवर्धनाचे देशव्यापी प्रयोग झाले. कटला व चंदेरा पृष्ठभागी, रोहू मधल्या थरात, मृगळ व सायप्रिनस तळाशी चरतात; गवत्या पाणवनस्पती खातो. शेणखताने पाण्यात सूक्ष्म जीव वाढतात व तेच माशांचे अन्न होते. गोठ्यातील शेणातून अशी मासळी निर्माण व्हावी, ही गोष्ट कुमारप्पांच्या विचाराशी जुळणारी आहे.

परंतु या पद्धतीला दुसरीही बाजू आहे. बीज सोडण्यापूर्वी मोहाची पेंड टाकून तळ्यातील मूळचे मासे मारून काढावेत, अशी शिफारस असे. मरळ, शिंगी आणि गरिबांच्या ताटातील लहानसहान मासळी त्यामुळे 'निरुपयोगी' ठरली. पिढ्यान्‌पिढ्या तळी जाणणाऱ्या ढिवर-भोई बांधवांचे ज्ञानही फारसे कोणी विचारले नाही.

याचे भान आता येऊ लागले आहे. भंडारा-गोंदियातील मालगुजारी तलावांत ढिवर स्त्रीपुरुषांनी बेशरमाची झुडपे उपटली, स्थानिक पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे पुन्हा जोपासले. बीज कसे मिळवावे हे शास्त्रज्ञांनी दाखविले. तळे कसे राखावे हे या मंडळींना ठाऊक आहे. वर्धा जिल्ह्यात शेततळे खोदणाऱ्याने या दोघांनाही विचारूनच पहिले बीज सोडावे, हे बरे.