रशियाच्या मुली मोठ्या होताना

जिम्नॅस्टिक्सचा मी नुसता प्रेक्षक आहे. मला साधी कोलांटीही धड मारता येत नाही. पण आयुष्यभर कवितेच्या ओळीचा तोल सांभाळत आल्यामुळं शरीराचा तोल सांभाळणाऱ्यांचं मला पहिल्यापासून अप्रूप वाटतं. त्यातही रशियाच्या मुलींचं जरा जास्तच.

ऑक्टोबर २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला झालेली जागतिक स्पर्धाच घ्या. रशियाचा महिला संघ तिथं उतरला तो तीन वर्षांपूर्वीची नामुष्की पाठीवर घेऊन. २००७ साली श्टुटगार्टला सांघिक अंतिम फेरीत त्यांची एक मुलगी व्हॉल्टकडं धावत गेली आणि उडी न मारताच थांबली. गुण शून्य. आठ संघांत रशिया आठवा. ज्या सोव्हिएत संघानं १९५२ ते १९८० अशा सलग आठ ऑलिंपिकमध्ये महिलांचं सांघिक सुवर्ण नेलं, त्याच्या वारसदाराची ही गत!

रॉटरडॅमला मात्र चित्र पालटलं. अमेरिकेला जेमतेम दोन दशांश गुणांनी मागं टाकून मुलींनी सांघिक सुवर्ण जिंकलं. स्वतंत्र रशियाचं हे पहिलंच जागतिक सांघिक विजेतेपद. ततियाना नाबियेवा तेव्हा पंधरा वर्षांची होती. स्पर्धेच्या वर्षात सोळा पूर्ण व्हायला हवीत, असा नियम. तिची ती नोव्हेंबरात होणार होती. आणि आलिया मुस्तफिनाला सोळा पूर्ण होऊन चार आठवडेही झाले नव्हते. तिनं चारही प्रकार मिळून दिलं जाणारं वैयक्तिक सुवर्ण पटकावलं आणि एकूण पाच पदकं घेऊन ती घरी परतली.

आलिया हे नाव आमच्या मोहल्ल्यात दर चौथ्या घरात सापडेल, तेव्हा माझे कान टवकारले जाणं साहजिक होतं. तिचे वडील फरहात मुस्तफिन हे तातार. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं होतं. नावामुळं जडलेली आपुलकी पुढं टिकली ती तिच्या चेहऱ्यामुळं. हसणं बेताचं, नजर थंड, आणि गुणफलकाकडं पाहण्याचा ढंग असा, की परीक्षकांनाच परीक्षेला बसवलं आहे!

त्या मुलींकडं पाहताना एक प्रश्न मात्र मनात येतोच. इतक्या कोवळ्या वयाच्या मुलींना आपण दाद देतो, ती नेमकी कशाला?

हा खेळ मुळात मुलींचा नव्हता, बायकांचा होता. लारिसा लातिनिना १९५६ साली मेलबर्नला पहिल्यांदा ऑलिंपिक विजेती झाली, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. १९५८ च्या मॉस्कोतल्या जागतिक स्पर्धेत तिनं सहापैकी पाच सुवर्णपदकं जिंकली, तीही पोटात बाळ असताना. पुढची दोन ऑलिंपिक ती आई म्हणून खेळली. तिच्या अठरा ऑलिंपिक पदकांचा विक्रम मोडायला २०१२ साल उजाडावं लागलं.

वारं फिरलं ते १९७२ च्या म्युनिकला. सोव्हिएत संघातून आलेली ओल्गा कोरबुट सतरा वर्षांची होती आणि दिसायला त्याहूनही लहान. बीमची पट्टी दहा सेंटिमीटर रुंद, म्हणजे जेमतेम तळहाताएवढी. तिच्यावर ओल्गानं मागच्या मागं कोलांटी घेतली. एका चुकीनंतर ती रडली, तेही साऱ्या जगानं पाहिलं. वैयक्तिक विजेती ठरली तिची सहकारी ल्युदमिला तुरिश्चेवा. लोकांच्या मनात राहिली ओल्गा. चार वर्षांनी रुमानियाची चौदा वर्षांची नादिया कोमानेची दहापैकी दहा गुण घेऊन गेली. मग प्रशिक्षकांना हव्या झाल्या हलक्या, लवचीक आणि शब्द खाली पडू न देणाऱ्या मुली.

या शर्यतीची किंमत एलेना मुखिनानं मोजली. पोरकी झालेल्या या मॉस्कोच्या मुलीला आजीनं वाढवलं होतं. १९७८ साली स्ट्रासबर्गला ती जगज्जेती झाली. पुढच्या वर्षी पाय मोडला. पण मॉस्को ऑलिंपिक तोंडावर आलं होतं, म्हणून तो नीट बरा होण्याआधीच सराव सुरू झाला. ३ जुलै १९८० रोजी, ऑलिंपिकला दोन आठवडे उरले असताना, मिन्स्कला सराव करताना एका अवघड उडीत ती हनुवटीवर पडली. मान मोडली. वय वीस. नंतर एका मुलाखतीत तिनं सांगितलं, की पडल्या पडल्या तिच्या मनात पहिला विचार आला तो सुटकेचा: देवाची कृपा, आता ऑलिंपिकला जावं लागणार नाही. सव्वीस वर्षं अंथरुणाला खिळून डिसेंबर २००६ मध्ये ती गेली. लोळण घेत उतरायची तसली उडी पुढं महिलांसाठी बंद झाली. वयाची अट १९८१ मध्ये चौदावरून पंधरा झाली आणि १९९७ मध्ये सोळा.

नियम बदलले तरी शरीर तेच असतं. रॉटरडॅमनंतर सहाच महिन्यांत, एप्रिल २०११ मध्ये, बर्लिनला व्हॉल्टवरून उतरताना आलियाच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. पूर्वी अशी मुलगी पडद्याआड गेली असती आणि तिच्या जागी दुसरी पंधरा वर्षांची उभी राहिली असती. आलिया परत आली. २०१२ ला लंडनमध्ये आणि २०१६ ला रिओत, अशी दोनदा तिनं अनइव्हन बारवर ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. २०१७ मध्ये तिला मुलगी झाली, आणि पुढच्याच वर्षी दोह्याच्या जागतिक स्पर्धेत सांघिक रौप्य जिंकणाऱ्या संघात ती होती. लातिनिनाचा जुना रस्ता साठ वर्षांनी पुन्हा वाहता झाला.

रिओत आलियाच्या संघात सोळा वर्षांची अँजेलिना मेल्निकोवा होती. २०२१ मध्ये टोकियोला सोळा वर्षांच्या दोघींना सोबत घेऊन तिनं सांघिक सुवर्ण मिळवलं. १९९२ नंतरचं हे पहिलंच. पण उत्तेजकांच्या प्रकरणातल्या शिक्षेमुळं तेही रशियाच्या झेंड्याविना. मग २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि रशियाच्या खेळाडूंना बंदी आली. बंदी उठवली गेली ती तटस्थ म्हणून खेळण्याच्या अटीवर. ऑक्टोबर २०२५ मध्ये जकार्त्याला मेल्निकोवा पुन्हा जगज्जेती झाली, पंचविसाव्या वर्षी. ना झेंडा, ना राष्ट्रगीत. ज्या युद्धामुळं हे घडलं, त्यात युक्रेनच्या मुलींचं काय झालं असेल, हेही आपण विसरू नये. ही लातिनिना मुळात युक्रेनमधल्या खेरसनचीच.

आपलाही एक धागा इथं गुंतलेला आहे. रशियाच्या येलेना प्रोदुनोवानं १९९९ मध्ये केलेली व्हॉल्टवरची जीवघेणी उडी तिच्याच नावानं ओळखली जाते. तीच उडी मारून त्रिपुराची दीपा कर्माकर रिओत चौथी आली. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. आपण सारे श्वास रोखून बसलो होतो, आणि ती मान न मोडता उभी राहिली याचाच आनंद पदकाहून मोठा होता.

मुशायऱ्यात नवख्या शायराला पहिल्या शेराला दाद मिळते, पण त्याची खरी ओळख पटते पुढच्या दहा वर्षांत. तेव्हा मित्रहो, पुढच्या स्पर्धेत एखादी सोळा वर्षांची मुलगी बीमवर चढली, तर टाळ्या जरूर वाजवा. फक्त तिचं नाव कुठंतरी टिपून ठेवा, आणि चार-आठ वर्षांनी ती कुठं आहे, चालते-फिरते ना, हसते ना, याची चौकशी करा. माझ्या वहीत अशी बरीच नावं आहेत. सर्वांत वर आहे एलेना मुखिना.