एका विशेषणाची चार घरे

इंग्रजीत ‘जॉर्जियन’ असे एक विशेषण आहे. दिसायला साधे, पण तेच रशियन भाषेत न्यायचे म्हटले की भल्याभल्यांची फसगत होते. समजा, एखाद्या इंग्रजी कादंबरीतले कुटुंब ‘जॉर्जियन’ घरात राहते आहे. घाईत असलेल्या अनुवादकाने कोशातला पहिला अर्थ उचलला आणि तिथे ‘ग्रुझीन्स्की’ असा शब्द ठेवून दिला. मग होते काय? लेखकाच्या मनात असते इंग्लंडातल्या बाथसारख्या शहरातले, मोजूनमापून बांधलेले, दारापासून दोन्ही अंगांना सारख्या खिडक्या असलेले घर. आणि मॉस्कोतल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते काकेशस पर्वतापलीकडच्या त्बिलिसी शहरातले लाकडी सज्जांचे घर! एका शब्दाने घर दोन हजार मैलांहून दूर गेले.

इथे शब्द हवा होता ‘गिओर्गिआन्स्की’. १७१४ ते १८३० या काळात इंग्लंडच्या गादीवर जॉर्ज नावाचे चार राजे लागोपाठ बसले. त्यांच्या काळचे ते गिओर्गिआन्स्की. आपल्याकडे १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळाले आणि १८१८ साली पेशवाई बुडाली. म्हणजे काळ जवळजवळ तोच. आपण ‘पेशवेकालीन वाडा’ म्हणतो ना, तसेच हे. मराठीला ‘कालीन’ची मोठीच सोय आहे. शिक्षकांनी वर्गात बेलाशक ‘जॉर्जकालीन’ म्हणावे. ‘जॉर्जियन वास्तुकला’ म्हणून मुलांना बुचकळ्यात टाकण्याचे कारण नाही.

आता ‘ग्रुझीन्स्की’चे पाहू. काकेशसमधल्या ज्या देशाला आपण जॉर्जिया म्हणतो, तिथले लोक स्वतःच्या देशाला म्हणतात ‘साकार्तवेलो’. जॉर्ज नावाशी त्याचा काडीइतका संबंध नाही. इराणी लोक त्याला ‘गुर्जिस्तान’ म्हणत. (आपल्या गुर्जरांशी याचे नाते जोडण्याचा मोह होईल, तो आवरावा.) रशियनांचे ‘ग्रूझिया’ हे नाव त्याच इराणी नावाच्या कुळातले. युरोपीय प्रवाशांनी ते ऐकले, त्या देशात संत जॉर्जची मोठी भक्ती पाहिली आणि दोन्हींची सांगड घालून टाकली. अमेरिकेतल्या जॉर्जियाची गोष्ट निराळी. ती वसाहत खरोखरच दुसऱ्या जॉर्ज राजाच्या नावाची, त्याने १७३२ साली दिलेल्या सनदेवर उभारलेली. इंग्रजीत दोघींचे नाव एक. रशियनात एक ग्रूझिया, दुसरी द्झोर्जिया. इथे रशियन भाषा इंग्रजीपेक्षा शहाणी ठरली असे मला वाटते.

तिसरा शब्द ‘गिओर्गियेव्स्की’, म्हणजे संत जॉर्जचा. सम्राज्ञी कॅथरिन दुसरी हिने १७६९ साली लढवय्या सेनाधिकाऱ्यांसाठी संत जॉर्जच्या नावाचे मानचिन्ह सुरू केले, ते गिओर्गियेव्स्की. उत्तर काकेशसमध्ये गिओर्गियेव्स्क नावाचा किल्ला होता. तिथे १७८३ साली जॉर्जियाचा राजा एरेक्ले दुसरा याच्या वतीने रशियाशी तह झाला. तोही गिओर्गियेव्स्की तह. इंग्रजीतून भाषांतर करणारा इथे पुन्हा अडखळतो, कारण तह जॉर्जियाचा खरा, पण नाव किल्ल्याचे! तहात रशियाने संरक्षणाची हमी दिली आणि राज्याच्या अंतर्गत कारभारात हात घालणार नाही असेही कबूल केले. पुढे १७९५ साली इराणच्या आगा महंमद खानाने त्बिलिसी लुटून जाळले, तेव्हा रशियन फौज धावून आली नाही. आणि १८०१ साली झारने ते राज्यच खालसा करून घेतले. पुढच्याच वर्षी, १८०२ च्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेतली. असल्या संरक्षणाची किंमत काय पडते, हे मराठी माणसाला निराळे समजावून सांगायला नको.

पण शेतकरी बंधूंनो, तुमच्या जिव्हाळ्याचे घर चौथे आहे. जॉर्ज हे नाव मूळचे ग्रीक, आणि त्याचा अर्थच शेतकरी, म्हणजे भुईत राबणारा. रशियन लोकांच्या तोंडी हे नाव घोळून घोळून ‘येगोर’ आणि ‘यूरी’ झाले. १९६१ साली अंतराळात पहिल्यांदा गेलेला यूरी गागारिन, तोही नावाने जॉर्जच. रशियातल्या खेड्यांत संत येगोर म्हणजे गुराढोरांचा राखणदार. त्याचे वर्षातून दोन सण. वसंतातल्या सणाला हिवाळाभर गोठ्यात कोंडलेली जनावरे प्रथम कुरणात सोडायची. दुसरा सण जुन्या पंचांगाप्रमाणे २६ नोव्हेंबरला, पीक घरात आल्यावर. याला म्हणतात ‘यूर्येव’ दिवस. यूरीचा तो यूर्येव.

आपल्याकडे सालगड्याचे साल पाडव्याला पुरे होते, हिशेब चुकता होतो, आणि तो दुसऱ्या घरी जायला मोकळा होतो. रशियन कुळाचा पाडवा म्हणजे हा यूर्येव दिवस. १४९७ सालच्या कायद्याने ठरवून दिले की या सणाच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक आठवडा, एवढ्याच मुदतीत कुळाने एका जमीनदाराकडून दुसऱ्याकडे जावे. जाताना राहत्या घरासाठी पैसे भरायचे: मैदानी मुलखात एक रूबल, जंगलपट्टीत अर्धा. हा आकार चार वर्षे राहिलेल्याला. एकच वर्ष राहिला असेल तर त्याचा चौथा हिस्सा. मोकळीक फार नव्हे, वर्षातले दोन आठवडे. पण जमीनदार छळवादी निघाला, तर निघून जाता येईल एवढा तरी आधार होता.

१५८१ पासून, इव्हान चौथ्याच्या अखेरच्या काळात, ‘मनाईची वर्षे’ जाहीर होऊ लागली. त्या वर्षी कुळाने हलायचे नाही. १५९७ साली हुकूम निघाला की पळालेल्या कुळाचा पाच वर्षांपर्यंत शोध घेऊन त्याला परत आणावे. १६४९ च्या कायद्याने शोधाला असलेली मुदतीची मर्यादाही काढून टाकली. बाप बांधला गेला, मुलगा बांधला गेला, नातू बांधला गेला. ही भूदासपद्धती रद्द झाली १८६१ साली.

लोकांनी मात्र तो दिवस बोलण्यात जपून ठेवला. ठरलेले काम ऐन वेळी फिसकटले, हाताशी आलेले गेले, की रशियन माणूस म्हणतो, “घे आजी, हा तुझा यूर्येव दिवस!” फसवणे या अर्थाचे एक क्रियापदही तिकडे येगोर नावावरून चालते, त्याचा संबंध लोक याच दिवसाशी जोडतात. आणखी एक गोष्ट पाहा. कॅथरिनने सेनाधिकाऱ्यांसाठी ते मानचिन्ह सुरू केले, त्याची तारीखही २६ नोव्हेंबरच. कुळाचा सुटकेचा दिवस सरदारांच्या छातीवर जाऊन बसला, आणि कुळे होती तिथेच राहिली.

आता उलटी वाट धरू. या म्हणीचे इंग्रजी करणारा ‘सेंट जॉर्जचा दिवस’ असे लिहितो. शब्दाला शब्द बरोबर. पण इंग्रज वाचकाचा सेंट जॉर्जचा दिवस येतो २३ एप्रिलला. तो त्याच्या देशाचा उत्सव, निशाणे लावण्याचा. बर्फात गाडीवर भांडीकुंडी लादून, रूबल मोजून, जमीनदाराच्या दारातून निघालेले कुटुंब त्याला दिसणार कसे? म्हणून रशियन गोष्टी इंग्रजीवरून मराठीत आणताना तिथे ‘सेंट जॉर्ज’ ठेवू नये. ‘यूरीचा दिवस’ म्हणावे, आणि खाली एका ओळीची टीप द्यावी: कुळाने घर सोडण्याचा दिवस.