एकोणचाळीस शिलिंगांचा न्याय

अठराव्या शतकांत लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयांत चाललेल्या खटल्यांचे छापील वृत्तांत चाळीत असतां एक चमत्कारिक आंकडा वारंवार डोळ्यांपुढें येतो. फिर्यादीनें चोरीस गेलेला माल तीन पौंडांचा सांगितलेला असतो, कधीं पांचांचा. परंतु ज्यूरी आपला निर्णय देते तो ३९ शिलिंगांच्या चोरीबद्दल. सगळ्या चोरांनीं नेमका तेवढाच माल उचलण्याचा कट केला होता कीं काय, असें प्रथम वाटतें. खरा प्रकार निराळा आहे. आणि त्याची उकल करूं लागलें असतां चोरी म्हणावें कशास, हाच प्रश्न अखेर आपल्यापुढें येऊन उभा राहतो.

पौंडाचे शिलिंग वीस आणि शिलिंगाचे पेन्स बारा, हा हिशेब वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. एक शिलिंगापर्यंतची चोरी ती क्षुद्र चोरी. तिला फटके किंवा हद्दपारी. परंतु राहत्या घरांतून ४० शिलिंगांचा माल चोरणारास १७१३ च्या कायद्यानें फांशी सांगितली होती, आणि नदींतील जहाजावरून अथवा धक्क्यावरून तेवढाच माल नेणारास १७५१ च्या कायद्यानें तीच शिक्षा लागू झाली. एकोणचाळीस आणि चाळीस यांत अंतर एका शिलिंगाचें. पण त्या अंतरांत माणसाचा जीव अडकलेला असे.

ज्यूरींत बसणारे लोक कांहीं साधुसंत नव्हते. ते दुकानदार, व्यापारी, मालमत्ता बाळगून असलेले गृहस्थ. उद्यां स्वतःचीच पेटी फुटण्याची धास्ती त्यांना होती. तरीही समोर उभ्या असलेल्या फाटक्या माणसाकडे पाहून त्यांची जीभ चाळीस म्हणण्यास धजत नसे. खटला कांहीं मिनिटांत आटपावयाचा, आरोपीस बहुधा वकील नसावयाचा, आणि फिर्याद चालविण्याचा खर्च व खटाटोप ज्याचा माल गेला त्यानेंच सोसावयाचा. अशा त्या घाईगर्दींत शपथेवर बसलेले ते लोक उघड उघड खोटी किंमत सांगत, आणि न्यायाधीशही ती बहुधा मुकाट्यानें ऐकून घेत. ब्लॅकस्टन या विख्यात कायदेपंडितानें ज्यूरीच्या या वर्तनास 'धार्मिक शपथभंग' अशा अर्थाचें नांव दिलें आहे.

आतां ज्या वस्तींतून असे अनेक आरोपी येत, तिकडे वळूं. टॉवरच्या किल्ल्याच्या पूर्वेस थेम्सच्या कांठानें वॅपिंग, शॅडवेल, रॅटक्लिफ, लाइमहाउस अशी खलाशी, हमाल, होडीवाले आणि खानावळवाले यांची दाट वस्ती पसरली होती. जकात भरून परदेशी माल उतरविण्याचे कायदेशीर धक्के लंडन-पूल आणि टॉवर यांच्या दरम्यान, सुमारें १४०० फूट लांबीचे काय ते होते. सोळाव्या शतकांत ठरलेली ती जागा अठराव्या शतकाच्या व्यापारास कशी पुरावी? जहाजें नदीच्या मध्यभागींच नांगरून पडत. वेस्ट इंडीज बेटांतील साखर, रम आणि कॉफी मचव्यांत उतरे, आणि तीही धक्क्याला जागा मिळेपर्यंत दिवसचे दिवस उघड्यावर राही. त्या बेटांवर ही साखर कोणाच्या पाठीवर चाबूक ओढून पिकविली जाई, हें येथें विसरतां येत नाहीं. चोरीची ओरड करणाऱ्या व्यापाऱ्यांची संपत्ति त्या गुलामांच्या घामाची होती.

या मालांतून हमालांच्या हातीं कांहीं ना कांहीं लागे. पिंपांतून गळालेली साखर झाडून घ्यावी, कोळशाच्या जहाजावरून घरच्या चुलीपुरता कोळसा न्यावा, ही त्यांची जुनी वहिवाट. आमच्याकडील गांवगाड्यांत सुतार, लोहार, परीट हे सुगींत खळ्यावरून आपलें बलुतें नेत. त्यांस कोणी चोर म्हटलें असतें तर सारा गांव हंसला असता. वॅपिंगचा हमाल झाडलेल्या साखरेकडे जवळजवळ त्याच दृष्टीनें पाही. अर्थात् वहिवाटीच्या आडून रात्रीं पिंपेंच्या पिंपें पळविणाऱ्या टोळ्याही होत्या, आणि पहारेकऱ्यांचे हात त्या ओले करीत. हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. परंतु मजुरी आणि लूट यांच्या मधली रेषा मालकांनींच पुसट ठेविली होती. कित्येक जहाजांवर हमाल अल्प मजुरीनें, कधीं तर मजुरीवांचूनही काम पत्करीत. कारण उरलेलें पोट कशानें भरावयाचें, तें दोन्ही पक्षांस ठाऊक असे.

सांपडलेल्या चोराचा जीव ३९ शिलिंगांच्या निर्णयानें वांचला, तरी त्याची सुटका होतच असे असें नव्हे. १७१८ च्या कायद्यानंतर अशांची रवानगी बहुधा सात वर्षांच्या बोलीनें अमेरिकेंतील वसाहतींकडे होई. १७७५ पर्यंत ब्रिटन व आयर्लंड मिळून सुमारें ५०,००० कैदी असे समुद्रापार गेले. अमेरिकेनें बंड केल्यावर १७७६ पासून कैदी थेम्समध्येंच नांगरलेल्या जुन्या जहाजांवर कोंडले जाऊं लागले, आणि १७८७ सालीं अकरा जहाजांचा पहिला तांडा ऑस्ट्रेलियाकडे निघाला.

असा हा धाक असूनही चोरी थांबली नाहीं. तेव्हां पॅट्रिक कोल्हून या मॅजिस्ट्रेटानें निराळा उपाय पुढें मांडला. फांशीच्या भीतीपेक्षां पकडले जाण्याची खात्री अधिक परिणामकारक, हें त्याचें म्हणणें. वेस्ट इंडीजच्या व्यापाऱ्यांनीं बहुतेक पैसा पुरविला, आणि जुलै १७९८ मध्यें वॅपिंग येथें नदीवरील पोलिसांची कचेरी उघडली. जॉन हॅरियट हा त्याचा सहकारी. हमालांची नोंद झाली, मजुरीचे दर ठरले, झडत्या सुरू झाल्या, आणि माल दडवितां येईल असे सैल कपडे घालण्यास मनाई झाली. खिशांतील मूठभर साखर आतां बलुतें राहिली नाहीं, मुद्देमाल झाली.

त्याच सालच्या १६ ऑक्टोबरला या कचेरींत कोळशाच्या हमालांस कोळसा बाळगल्याबद्दल प्रत्येकीं ४० शिलिंग दंड झाला. तोच चाळिसांचा आंकडा! दंड झालेल्यांपैकीं एकाचा भाऊ जेम्स आयर्स. दंडाचे पैसे परत मिळवूं, नाहींतर हें घरच पाडून टाकूं, असें तो म्हणाल्याची साक्ष पुढें झाली. जमावानें दगडफेक केली. आंतून गोळी सुटून जमावांतील एक माणूस पडला, आणि मागोमाग पोलिसांच्या बाजूचा गॅब्रिएल फ्रँक्स गोळी लागून प्राणास मुकला. ती गोळी आयर्सनें झाडली असें सिद्ध झालें नाहीं. तरी दंगलींत पुढाकार घेतल्याबद्दल १७९९ सालीं तो फांशीं गेला.

व्यापाऱ्यांनीं आरंभिलेली ही कचेरी १८०० सालीं सरकारी झाली. १८०२ मध्यें उंच भिंतींच्या वेस्ट इंडिया गोद्या उघडल्या. आणि जहाजावरील ४० शिलिंगांच्या चोरीची फांशी १८२३ सालीं रद्द झाली. शिस्तीचा विजय झाला, हें आम्ही नाकारीत नाहीं. ज्यूरीच्या दयेवर विसंबलेला न्याय आरोपीचा चेहरा, त्याचे ओळखीचे साक्षीदार आणि बाकावरील बारा जणांची त्या दिवशींची मनःस्थिति यांवर हेलकावे खाई. अशा न्यायापेक्षां सौम्य पण निश्चित शिक्षा केव्हांही बरी.

परंतु याच नदीकांठीं, सरकारी गोदींतील सुतारांच्या बाबतींत, एक तिसरी वाटही दिसून आली होती. कामांतून उरलेल्या लांकडाच्या ढलप्या घरीं नेण्याचा या सुतारांचा जुना हक्क होता, आणि त्याच्या नांवाखालीं चांगलें लांकूडही जाई. १८०१ सालीं सरकारनें तो हक्क बंद केला, पण त्याच्या बदल्यांत सुतारास रोज सहा पेन्स देऊं केले. ते सहा पेन्स म्हणजे सरकारनें स्वतःच्या सहीनें दिलेली कबुली होय, कीं आजवर सुतारानें नेलें त्यांतील निदान कांहीं भाग तरी त्याचें वेतनच होतें.

ओल्ड बेलीच्या ज्यूरीस ही गोष्ट अंधुकपणें कळली होती असें आम्हांस वाटतें. कायदा बदलणें त्यांच्या हातीं नव्हतें. माणूस निर्दोष आहे असेंही त्यांना म्हणवत नव्हतें. म्हणून त्यांनीं मालाची किंमत कमी केली आणि माणसाची वाढविली. असा शपथभंग ज्या कायद्यानें सभ्य गृहस्थांच्या गळीं बांधला, त्या कायद्याकडेच त्याचा दोष जातो.